न पाहिलेल्या शेजाऱ्यांची इर्जिक

गेल्या वर्षी आमच्या शाळेत निबंधस्पर्धा झाली, आणि तिच्या बक्षीससमारंभात माझी मान खाली जाण्याचा प्रसंग आला. नववीतल्या एका मुलीला पहिले बक्षीस मिळाले होते. तिचे वडील उसाच्या तोडीवरून तसेच सभेला आले होते. पाहुण्यांच्या हातून प्रशस्तिपत्र घेऊन मुलगी खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "सर, माझं नाव अर्धंच हाय की."

मी कागद पाहिला. नाव, वडिलांचे नाव आणि आडनावाचे पहिले अक्षर, एवढे ठीक होते. त्यापुढे आडनाव तुटले होते आणि तुटल्या जागी एक काळा चौकोन व त्याच्या पोटात प्रश्नचिन्ह! जणू यंत्रच विचारीत होते की ही कोण? तिच्या वडिलांनी ते प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी घेतले, डोक्याला लावले आणि घडी न घालता पिशवीत ठेवले. त्यांना अक्षरओळख बेताची; त्यांच्या काही ध्यानात आले नाही. मला मात्र ते पाहवले नाही.

ही प्रशस्तिपत्रे ज्या संकेतस्थळावरून निघतात ते शाळेने एका व्यावसायिकाकडून पैसे मोजून करवून घेतले होते. त्याला फोन केला, तेव्हा वर्षाची मुदत संपल्याचे कळले. दुरुस्तीचे निराळे पैसे पडणार होते. म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला निरोप धाडला. हा आमच्या गडमुडशिंगीचाच पोरगा. याच गावच्या शिवारात बैलामागे वाढलेला आणि आता कोल्हापुरात संकेतस्थळे उभारण्याचे काम करणारा. रविवारी सकाळी तो आपला लॅपटॉप घेऊन माझ्या ओसरीवर हजर झाला.

पाच मिनिटे इकडे तिकडे पाहून तो हसला आणि मलाच परीक्षेला बसवल्यासारखा म्हणाला, "सर, 'ज्ञानेश्वर' ह्या नावात अक्षरं किती?"

"चार. ज्ञा, ने, श्व, र."

"यंत्राला तीस दिसतात."

वाचकहो, मी मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशी थांबलेले असले तरी ज्ञानेश्वरांच्या नावातली अक्षरे मोजण्याइतके मराठी मला येते. पण त्याचे म्हणणे खरे होते. यंत्राच्या वहीत बाइट नावाचे बारीक खण असतात. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे नुसते अक्षर नव्हे, तर काना, मात्रा, पायमोडीची खूण हीही निराळी चिन्हे. 'ज्ञानेश्वर' या नावात ज, पायमोडी, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोडी, व, र अशी १० चिन्हे आहेत; दहा त्रिक तीस. आमच्या संकेतस्थळावर नावासाठी ६० खण ठेवलेले होते. इंग्रजी नाव त्यांत ऐसपैस बसते. मराठी नावाची मात्र मधल्या दोन मोकळ्या जागा धरून अवघी १९ चिन्हे बसतात आणि विसाव्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडा उरतो. त्या तुकड्याचाच तो काळा चौकोन झाला होता.

मग त्याने काय केले, तर कापाकापीचे ते फर्मान पुसले, दुसरी एक ओळ लिहिली आणि एक हुकूम सोडला. पडद्यावर भराभर काही नावे सरकली. "झालं," तो म्हणाला. मुलीचे नाव पुरे दिसू लागले.

"हे सगळे तू लिहिलेस?"

"न्हाई सर. एक ओळ माझी. बाकीचं पॅकेज. लोकांनी लिहून ठेवलंय, कुणीबी घ्यावं. आणि सर, तुमच्या शाळेनं ज्याला पैसं दिलं, त्यानंबी वरवरचं तेवढं लिहिलंय. खालचं सगळं असंच."

माझी नोकरी परीक्षेत नकला धरण्यात गेलेली. मी कपाळाला आठ्या घालून म्हटले, "म्हणजे नक्कलच की रे!"

"नक्कल न्हवं, सर. इर्जिक."

या एका शब्दाने मला गप्प केले. शहरी वाचकांसाठी सांगतो. ज्याच्या घरी बैल कमी, माणसे कमी आणि पेरणी तोंडावर आली, त्याने गावाला इर्जिकीचे बोलावणे धाडायचे. ठरल्या दिवशी दहा-वीस घरची औते त्याच्या रानात उतरायची आणि दिवस मावळायच्या आत सारे रान नांगरून व्हायचे. मजुरी कुणी घ्यायची नाही. रानाच्या मालकाने सर्वांना पोटभर जेवू घालायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ट्रॅक्टर आले आणि आमच्याकडे इर्जिक जवळजवळ नाहीशी झाली. ती चाल जगाच्या पाठीवर आणखी कुठे, आणि तीही यंत्रांच्या राज्यात, जिवंत असेल हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी तिची हकीकत जमवू लागलो. ती मोठी वेधक आहे.

या इर्जिकीच्या रानाचे नाव पीएचपी. ती यंत्राला हुकूम देण्याची एक भाषा आहे. संकेतस्थळाचे साधे पान छापील पत्रकासारखे असते. कुणीही पाहा, मजकूर तोच. पण निकाल पाहायचा असेल, तिकीट काढायचे असेल, तर पलीकडे एखादा कारकून हवा, जो आपला प्रश्न ऐकेल, दप्तर चाळेल आणि आपल्यापुरते उत्तर ताजे लिहून देईल. पीएचपी ही त्या कारकुनाला समजणारी भाषा.

तिचा जनक रास्मुस लेरडॉर्फ हा १९६८ साली ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या एका बेटावर जन्मला आणि पुढे कॅनडात शिकला. १९९४ साली त्याने आपली माहिती आणि अनुभव सांगणारे एक पान इंटरनेटवर ठेवले होते. ते कोण कोण पाहून जाते हे कळावे, एवढ्या माफक हौसेपायी त्याने काही लहान अवजारे तयार केली. भाषा घडवावी असा त्याचा संकल्प नव्हता. पण १९९५ च्या जून महिन्यात त्याने एक गोष्ट केली, आणि सारा इतिहास तीतून निघाला. त्याने ती अवजारे, आतल्या मजकुरासह, जगाला देऊन टाकली. वापरा, उघडून पाहा, चुकले असेल तर सुधारा आणि सुधारलेले मला कळवा, असा तो व्यवहार.

सुधारणारे भेटलेही. अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की हे इस्राएलमधील दोन विद्यार्थी विद्यापीठातल्या एका कामासाठी ती अवजारे वापरीत होते. ती तोकडी पडली, तेव्हा १९९७ मध्ये त्यांनी तिचा गाभाच नव्याने लिहावयास घेतला. मूळ कर्त्याला राग यावा असा हा प्रकार! पण लेरडॉर्फने त्यांना आपल्या पंगतीत बसवून घेतले आणि तिघांच्या व इतर अनेकांच्या हातून १९९८ च्या जूनमध्ये पीएचपीची तिसरी आवृत्ती बाहेर पडली. आपल्या लेखनावर दुसऱ्याने लेखणी चालवली तर आम्हां कादंबरीकारांचा केवढा तिळपापड होतो, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून मला या हकीकतीचे अधिक अप्रूप वाटले.

पण औत फुकट मिळाले म्हणजे त्याला नियम नाही, असे नव्हे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्याचा मतितार्थ असा, की घ्या, बदला, वाटा. पण जे स्वातंत्र्य तुम्हाला मिळाले तेच पुढच्याला द्या. दुसरा एक परवाना एमआयटी या नावाने प्रसिद्ध आहे. तो आणखी सैल आहे. मूळ लेखकाची हक्कनोंद आणि परवान्याचा मजकूर पुसू नये एवढीच त्याची मुख्य अट. हे वाचले आणि नकलेची माझी व्याख्या मला सुधारावी लागली. शेजारच्या पोराच्या वहीतले चोरून उतरवणे ही नक्कल. त्याने आपण होऊन पुढे केलेल्या वहीतून, त्याचे नाव सांगून उतरवणे आणि शेवटी आपली एक ओळ घालून वही पुढे सरकवणे, ही विद्येची परंपरा. आमच्या जुन्या पोथ्या दुसऱ्या कशाने टिकल्या?

या परवान्यामुळे काय घडते याचा एक दाखला देतो. मिशेल वाल्द्रिगी याने पीएचपीत 'बी२' नावाचे एक सॉफ्टवेअर लिहिले होते. २००३ च्या आरंभी त्याचे काम थंडावले. एरवी असे सॉफ्टवेअर मालकाबरोबर मेले असते. पण परवाना मुक्त होता. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी ते पोरके रान कसायला घेतले. २७ मे २००३ रोजी त्यातून 'वर्डप्रेस' निघाले. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार त्यावर चालतात.

त्याच महिन्यात आपल्याही घरी एक पाळणा हलला होता. जर्मनीतल्या कोलोन येथे जीवशास्त्र शिकणाऱ्या मॅग्नस मान्स्के याने विकिपीडियासाठी पीएचपीत नवी प्रणाली लिहिली. ती २००२ च्या जानेवारीत सुरू झाली. ली डॅनियल क्रॉकर याने ती त्याच वर्षी पुन्हा लिहून काढली आणि पुढे ती 'मीडियाविकी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच परंपरेतल्या औतावर. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभारताना कर्ज, छापखाना आणि वर्गणीदार यांच्यापायी किती यातायात केली, हे आपण जाणतो. मराठी विकिपीडियात आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, आणि त्यासाठी मराठी माणसाला यंत्रणेचा एक रुपयाही मोजावा लागला नाही. कोलोनच्या त्या विद्यार्थ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आता पॅकेजांकडे वळू. संकेतस्थळे वाढली, तशी एकच गोष्ट हजार जण हजारदा लिहू लागले. पत्र धाडणे, तारीख मोजणे, चित्र लहान करणे, हे काम एकाने नीट करून ठेवले तर बाकीच्यांनी ते सुट्या भागासारखे बसवावे, ही कल्पना सरळ आहे. १९९९ मध्ये स्टिग बाकेन याने 'पेअर' नावाचे असे एक कोठार काढलेही. पण अनेक घरचे सुटे भाग एका यंत्रात बसवताना आटे जुळत नसत. दोन लेखकांनी एकच नाव वापरले की भांडण ठरलेले. २००९ साली पीएचपीच्या ५.३ या आवृत्तीत नावांना घराणे लावण्याची सोय झाली. गावात दोन ज्ञानोबा असले तरी आडनावामुळे घोटाळा होत नाही, तसेच हे. त्याच वर्षी निरनिराळ्या सॉफ्टवेअरचे कर्ते अमेरिकेत एका परिषदेच्या निमित्ताने एकत्र बसले आणि कोणती फाइल कुठे ठेवावी यांसारख्या गोष्टींवर एकमत करू लागले. एरवी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी; पण बांधाची मापे सर्वांनी एकच धरली.

या पायावर १ मार्च २०१२ रोजी निल्स आडरमान आणि जॉर्डी बोजियानो यांनी 'कंपोजर' हे अवजार लोकांपुढे ठेवले. माझ्या ओसरीवर भराभर नावे सरकवणारा हुकूम तो याचाच. त्याचे काम दिवाळीच्या वाणसामानाच्या यादीसारखे आहे. आपण लिहायचे, चकली आणि अनारसे हवेत. कंपोजर पाहतो की चकलीला भाजणी लागते, भाजणीला तांदूळ, चणाडाळ, उडीद, धने, जिरे. अनारशाला पुन्हा तांदूळ, पण निराळे. कोणता जिन्नस कोणत्या प्रतीचा घेतला म्हणजे दोन्ही पदार्थ साधतील याचा मेळ घालून तो सारे घरपोच आणतो, आणि नेमके काय आणले त्याची दुसरी यादी कुलूपबंद ठेवतो. त्यामुळे कोल्हापुरात बांधलेले संकेतस्थळ नागपुरातल्या यंत्रावर त्याच चवीचे उतरते. 'पॅकेजिस्ट' हे त्याचे कोठार. त्यात आज तीन लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. फ्रान्सच्या फाबियँ पोतांसिए याने २००५ मध्ये काढलेली 'सिम्फनी' काय, अमेरिकेच्या टेलर ऑटवेल याने २०११ मध्ये काढलेली 'लाराव्हेल' काय, ही मोठी घराणी याच कोठारातून जगभर जातात. आणि लाराव्हेलच्या पोटात सिम्फनीचे कित्येक भाग बसवलेले आहेत, हे ते उघडपणे सांगतात.

आता त्या मुलीच्या नावाकडे परत येतो, कारण या इतिहासाचे सार मला तिथे सापडले.

जगातल्या सर्व लिप्या पीएचपीला जन्मतःच समजाव्यात, असा एक भव्य बेत २००५ च्या सुमारास आखला गेला होता. तीच पीएचपीची सहावी आवृत्ती व्हायची होती. गाभ्यातले प्रत्येक फर्मान नव्याने लिहायचे होते. काम अवाढव्य झाले. यंत्राची स्मृती अधिक खर्ची पडू लागली, वेग मंदावला आणि ते सारे समजणारी माणसे थोडी उरली. २०१० च्या मार्चमध्ये तो बेत सोडून देण्यात आला. सहावी आवृत्ती जन्मलीच नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये एकदम सातवी आली. म्हणजे मुख्य दरबारातून आमच्या काना-मात्रांना न्याय मिळायचा राहून गेला.

तो मिळाला बाजूच्या वाटेने. अक्षरे मोजण्याची फर्माने जोडभाग म्हणून आधीच पुरवली जात होती. पण ते जोडभाग प्रत्येक यंत्रावर बसवलेले असतीलच असे नसे. तेव्हा ज्या यंत्रावर ते नाहीत तिथेही तेच काम शुद्ध पीएचपीतून व्हावे, म्हणून निकोला ग्रेकास या फ्रेंच गृहस्थाने पॅकेजे लिहिली. २०१५ पासून ती सिम्फनीच्या घराण्यात नांदत आहेत. माझ्या ओसरीवर उतरलेले पॅकेज त्यांतलेच. फ्रान्समधल्या त्या गृहस्थाला गडमुडशिंगी ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी त्याच्या हातच्या कामाने आमच्या मुलीचे आडनाव जोडले गेले.

तरीही एक उणीव होती. पोराने मोजून दाखवले: खणांच्या हिशेबाने 'ज्ञानेश्वर' ३०, चिन्हांच्या हिशेबाने १०, आणि अक्षरांच्या हिशेबाने ६! जुन्या नियमाप्रमाणे यंत्र ज् आणि ञा निरनिराळे धरी, तसेच श् आणि व. जोडाक्षर हे एकच अक्षर, हे बालवाडीतले ज्ञान युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरीसाठी २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आले. जिथे तो नियम पोचला आहे तिथे आता उत्तर ४ येते. ज्ञानेश्वरांना चार अक्षरी व्हायला एवढा काळ लागला, याचा दोष कुणाला द्यावा? ज्यांना ही अक्षरे येत नाहीत त्यांना, की ज्यांना येतात आणि जे बोलले नाहीत त्यांना?

हा प्रश्न मला सोडीना, कारण इर्जिकीला दुसरी बाजू असते. जो नुसता बोलावतो आणि दुसऱ्याच्या रानात कधी जात नाही, त्याच्याकडे पुढल्या वर्षी औत येत नाही. पीएचपीच्या जगातही ही वेळ आली होती. जगाची बहुसंख्य संकेतस्थळे जिच्यावर उभी, त्या भाषेचा गाभा आतून जाणणारे मोजकेच होते. त्यांतला एक अग्रणी निकिता पोपोव २०२१ च्या अखेरीस दुसऱ्या कामाकडे वळला, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले आणि त्या नोव्हेंबरात 'पीएचपी फाउंडेशन' स्थापन झाले. गाभा सांभाळणाऱ्यांना त्यातून वेतन मिळू लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कुणा भामट्याने पीएचपीच्या मूळ भांडारात चोरवाट घुसवण्याचा प्रयत्न केला होता. आपल्या कृत्याला त्याने लेरडॉर्फचे नाव आणि 'मुद्रणदोष दुरुस्त केला' असा मथळा दिला होता! पण लेखन उघडे होते. ते वाचणाऱ्या जागत्या माणसांनी काही तासांत ती लबाडी पकडली. उघड्या घराला राखण लागते, आणि ती राखण शेजारीच करतात.

"आपण काय देतो रे?" मी त्या पोराला विचारले.

तो जरा ओशाळला. "मी कोड घेतोय निस्ता, सर. द्यायचं ऱ्हाऊनच जातंय." मग काहीसे आठवून म्हणाला, "पर तुम्ही देऊ शकता की."

त्याने मला एका पॅकेजातले मराठी दाखवले. वापरणाऱ्याला दिसणारी वाक्ये कुणा भल्या माणसाने मराठीत आणली होती. पण एके ठिकाणी लिंग चुकले होते आणि दुसऱ्या ठिकाणी 'दिवसांपूर्वी' तुटून दोन शब्द झाले होते. मी लाल पेनाच्या सवयीने दोन्ही जागा दुरुस्त केल्या. त्याने त्या पाठवून दिल्या. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "सर, घेतली त्येंनी." जगातल्या कुठल्याशा अनोळखी संपादकाने आमच्या दोन दुरुस्त्या स्वीकारून आभाराची एक ओळ लिहिली होती. कादंबरी छापून आल्यावर होतो तेवढाच आनंद मला त्या ओळीचा झाला, हे कबूल करतो.

त्या रविवारी पोराने एक पैसाही घेतला नाही. माझ्या पत्नीने त्याला झुणका-भाकर आणि खर्डा वाढला. इर्जिकीचा तेवढा नियम आम्ही पाळला. मुलीचे प्रशस्तिपत्र नव्याने छापले आणि मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिले. तिने बोट फिरवीत आपले नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. वडिलांनी जुना कागद मागून पाहिला, नवा पाहिला आणि म्हणाले, "ह्यो जुनाबी ऱ्हाऊ दे, गुरुजी."

आज दिवाळी. आमच्या आळीत फराळाची ताटे या घरातून त्या घरात फिरू लागली आहेत. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत धाडू नये, निदान मूठभर साखर तरी घालावी, ही आमच्या आईची शिकवण. लेरडॉर्फ, मान्स्के, ग्रेकास आणि ज्यांची नावेही मला माहीत नाहीत अशा हजारो शेजाऱ्यांची ताटे आज मराठी घरांत येऊन पडली आहेत. पोरगा परवा पुन्हा येणार आहे. नववीच्या वर्गातल्या चौघांनी त्याच्याबरोबर बसून आणखी काही पॅकेजांतले मराठी तपासायचे ठरवले आहे. त्यांत ती मुलगीही आहे.